बाबा गेटवर बसले तो दिवस

बाबा गेल्याचं मला व्हॉट्सॲप स्टेटसवरून कळलं.

आज वर्ष झालं. वर्षभरात त्यांचा एकही फोटो इथे माझ्या वॉलवर टाकला नाही. हात धजायचा नाही.

आम्ही कल्याणकडच्या राहनाळ गावचे. बाबा गावातल्याच एका गोडाऊनमध्ये सुपरवायझर. एमएसाठी दक्षिणेतल्या एका मोठ्या युनिव्हर्सिटीत माझा नंबर लागला, तेव्हा आमच्या घरातून तेवढ्या लांब कुणीच गेलेलं नव्हतं.

बाबा मला हॉस्टेलवर सोडायला आले.

आणि परत जायलाच तयार होईनात.

कॅम्पस बघूनच त्यांचा जीव दडपला. आत बस फिरते, तळं आहे, झाडी आहे, मोठमोठे खडक आहेत. भिंतीभिंतीवर पोस्टर. त्यातली निम्मी आम्हाला वाचताही येईनात.

"एवढं जंगल हाय. साप असतील."

"बाबा, हजारो पोरं राहतात इथे."

"त्यांचे बाप कुठं हायत मग?"

गेटबाहेरच्या लॉजवर त्यांनी खोली घेतली. गोडाऊनला फोन करून रजा वाढवली. सकाळी मी क्लासला निघाले की हे गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर हजर. तरुणपणी जवळच्याच निजामपुऱ्यात उर्दू बोलणाऱ्यांबरोबर कापडाच्या लूमवर काम केलेलं, त्यामुळे हिंदी-उर्दू तोंडात बसलेली. त्या शहरातही तीच भाषा चालायची, म्हणून तिथल्या लोकांशी माझ्याआधी त्यांचीच ओळख झाली. माझ्या क्लासमधली मुलं त्यांना 'अंकल सलाम' करायला लागली.

मला मात्र धाकधूक. हा माणूस कुठल्याही क्षणी म्हणेल, चल, बॅग भर.

एकच गोष्ट त्यांना आवडली होती. मुलींच्या हॉस्टेलचं गेट रात्री लवकर बंद व्हायचं. "हे बेस हाय," असं ते दोनदा तरी म्हणाले.

आणि त्याच आठवड्यात मुली त्याच नियमाविरुद्ध मेन गेटवर बसल्या. लायब्ररी उशिरापर्यंत उघडी, मुलं तिथे अभ्यास करणार, आणि आम्हाला जेवण झालं की कोंडणार. माझी रूममेट मीनाक्षी मला म्हणाली, "चलेगी?"

मी गेले.

दुपारची वेळ. घोषणा सुरू. मी मान खाली घालून बसले होते, कारण टपरी समोरच होती.

बाबांनी बघितलंच. रस्ता ओलांडून आले.

"ऊठ. चल घरी."

"नाही बाबा."

"कशासाठी बसल्यात या?"

"हॉस्टेलचं गेट उशिरा बंद करा म्हणून."

"अगं, पण ते तर बरं हाय ना!"

आजूबाजूच्या मुली हसल्या. मराठी कळत नव्हती, पण बापाचा चेहरा सगळ्यांना कळतो.

तेवढ्यात पोलिसांची गाडी येऊन थांबली. कुणी उतरलं नाही, नुसती थांबली. बाबांचं तोंड पांढरं पडलं. मला वाटलं, आता हाताला धरून ओढतात.

ते खाली बसले. माझ्या शेजारी, तापलेल्या डांबरावर.

युनिव्हर्सिटीचे एक अधिकारी आले. मुलींशी बोलून झाल्यावर बाबांकडे वळले. "आप तो बडे हैं. समझाइए इनको."

बाबा म्हणाले, "साब, मेरेको खुद नहीं समझा. लेकिन लडकी उठेगी तब उठूंगा."

त्यांनी माझा हात धरला होता. संध्याकाळी बोलणी करायचं ठरलं, आम्ही उठलो, तेव्हा कुठे त्यांनी तो सोडला.

दुसऱ्या दिवशी ते राहनाळला गेले. स्टेशनवर म्हणाले, "घरी यातलं काय सांगू नको. तुझी आई घाबरंल."

काही महिन्यांनी नियम बदलला. मी आनंदाने फोन केला. बाबांनी एवढंच विचारलं,

"म्हणजे आता तू कवा येनार खोलीवर?"

त्यानंतर त्यांचा रोजचा फोनही उशिरा यायला लागला. मी खोलीत पोचल्याशिवाय हा माणूस झोपायचा नाही.

एमए झालं, पीएचडीला तिथेच लागले. आणि गेल्या वर्षी सेमिनार चालू असताना दादाचा फोन आला.

"बाबांना ॲडमिट केलंय. तू निघ."

"काय झालंय?"

"काय न्हाय. तू निघ फक्त."

मीनाक्षी माझ्याबरोबर ट्रेनमध्ये बसली. येऊ का, हेसुद्धा तिने विचारलं नाही.

दादा फोन उचलेना. काका उचलेनात. फॅमिली ग्रुपवर काका रोज न चुकता गुड मॉर्निंगची फुलं टाकतात, तीही नव्हती. मी ग्रुप उघडायचे, बंद करायचे. सोलापूरच्या पुढे कधीतरी सहज स्टेटस बघितले. मावसभावाने बाबांचा फोटो टाकला होता. हार घातलेला. खाली दोन शब्द.

मी मीनाक्षीला फोन दाखवला. तिला देवनागरी वाचता येत नव्हती. हार दिसला.

घरी पोचले तेव्हा सगळं आटपलेलं होतं.

दिवसकार्य झाल्यावर काका म्हणाले, "पोरीला एवढ्या लांब आता न्हाय ठेवायची. हिकडं काय कॉलेजं न्हायत का?"

मला वाटलं, संपलं.

आई तेवढे दिवस कुणाशी बोलली नव्हती. कोपऱ्यातून म्हणाली, "भावजी, ती जानार."

परत कुणी विषय काढला नाही.

मी गेले. पण घरून फोन आला की अजून पटकन उचलवत नाही. साधं "जेवलीस का" विचारायला केलेला असला तरी. नाव दिसतं आणि उचलेपर्यंत मी सगळं वाईट बघून घेते.

वर्षश्राद्धाला घरी आलेय. माणसं जमायला लागलीत.

उद्या परत निघताना आई माझ्याबरोबर येणार आहे. तिला कॅम्पस बघायचाय. ती कधी कल्याणच्या पुढे गेलेली नाही. तिचे गुडघे दुखतात, हिंदी येत नाही, ट्रेनमध्ये झोप लागणार नाही. काल रात्रभर मी हेच घोकत होते. आईने मात्र चार साड्या इस्त्री करून ठेवल्यात.

बाबा, तुमची फार आठवण येते.

तुमच्या लेकीचा नमस्कार.