घाटात लागणारी झोप

बोरसे साहेबांनी मला शेडमागे, जुन्या टायरांच्या ढिगापाशी नेलं आणि आवाज खाली करून म्हणाले, "मिस्त्री, यशवंता पितोय. मला पुरावा पाहिजे."

साहेबांचा सातपूरला पाइप फिटिंगचा कारखाना होता. यशवंत पगारे त्यांचा सहा वर्षांपासूनचा ड्रायव्हर. दर मंगळवारी दोघं मुंबईला जात आणि संध्याकाळी कसारा घाट चढून नाशिकला परत येत. गाडीची सगळी कामं नाशिकच्या मुंबई नाक्याजवळच्या माझ्या गॅरेजात.

"परवा घाटात गाडी सरळ कठड्याकडे चालली होती," साहेब सांगू लागले. "मला जाग आली म्हणून दोघं वाचलो. घोटीला उतरला आणि रस्त्याच्या कडेला ओकला. डोळे लालभडक. आणि सारखी लवंग चघळतो. लवंग कोण चघळतं, तुम्हाला माहीत आहे."

मला माहीत होतं. माझ्याकडचे दोन वेल्डर लवंगेच्या वासासकटच कामावर यायचे.

"मग काढून टाका."

"तसा कसा काढू? तो दर रविवारी विहारात बसून पंचशील म्हणणारा माणूस. दारूला शिवणार नाही अशी शपथ असते त्यांची. उद्या वस्तीतली चार माणसं येऊन विचारतील, काय पाहिलंत? तुम्ही ट्रायलचं निमित्त करून त्याच्याबरोबर घाटात जा. शेजारी बसा. वास घ्या. एक तारखेला मी त्याला घरी बसवणार आहे, त्याआधी सांगा."

हे काम मेकॅनिकचं नव्हे. पण मी माणूस मुळात संशयी. गिऱ्हाईक म्हणालं, गाडी एकदाच गरम झाली, की मी तीनदा धरतो. मी हो म्हणालो. आज सांगायला लाज वाटते, पण थोडी मजाही वाटली होती.

ही गोष्ट पंच्याऐंशीच्या आसपासची. तेव्हा टर्बो गाडी नाशकात बघायला मिळत नसे. साहेबांचा मेहुणा इंग्लंडहून परतला तेव्हा ही गाडी आपल्याबरोबर घेऊन आला होता. पेट्रोलची, तेव्हाच सात-आठ वर्षं वापरलेली. टर्बो म्हणजे काय, तर इंजिनातून बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर एक पंखा फिरतो आणि तो दुसऱ्या पंख्याकरवी इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. फुकटची ताकद. पण फुकट काही नसतं. हा टर्बो ज्याला लटकतो त्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे हाल होतात. मॅनिफोल्ड म्हणजे बिडाची जाड नळी. चार सिलिंडरांचा धूर चार बोटांनी गोळा करून पुढे सायलेन्सरकडे पाठवते. घाटात इंजिनावर लोड आला की ती तापून लाल होते. वरून टर्बोचं ओझं.

बुधवारी सकाळी आम्ही निघालो. यशवंता पेट्रोल पंपावर मीटर बघायला उतरला तेवढ्यात मी सीटखाली हात घातला. कागदात गुंडाळलेली बाटली लागली. झालं, म्हटलं, सापडलं. बूच काढून हुंगलं तर आल्या-लिंबाचा रस.

तो परत आला आणि माझ्या हातातली बाटली बघून थांबला. "घाट चढताना मळमळतं, दिनूभाऊ. बायको करून देते. लवंगेनंही जरा बरं वाटतं."

"कधीपासून मळमळतंय?"

"दिवाळीपासून."

मी मनात नोंद केली: दिवाळीपासून पितोय.

जाताना काहीच झालं नाही. घाट उतरताना इंजिनाला कष्ट नसतात. कसाऱ्याला चहा घेतला, गाडी वळवली आणि चढायला लागलो. काचा बंद होत्या. साहेबांचा कान थंडीत दुखायचा, म्हणून थंडी सुरू झाली की काचा वर, असा नियम. यशवंता म्हणाला, "आज साहेब नाहीत, उघडू का?" मी नको म्हटलं. काच उघडली तर त्याच्या तोंडाचा वास मला कसा लागणार?

त्याच्याकडे वाकून वाकून मी श्वास घेत होतो. लवंग. डॅशबोर्डवर साहेबांनी ठेवलेलं मोगऱ्याचं अत्तर. बाकी माझं नाक आयुष्यभर धुरात मुरलेलं, त्याला आणखी काय कळणार! अर्ध्या घाटात बॉनेटखालून बारीक टिक-टिक ऐकू आली. व्हॉल्व्हचं टॅपेट ढिलं असेल, म्हटलं. मग कपाळ ठणकू लागलं. सकाळची मिसळ बाधली, म्हटलं. इगतपुरी मागे पडली तेव्हा माझे डोळे मिटत होते आणि यशवंता स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून, ओठ चावून जागा राहत होता.

घोटीला गाडी थांबली. मी दार उघडून उतरलो तर पाय माझे नव्हतेच. दोन पावलं झोकांड्या खात गेलो आणि मिसळ रस्त्याच्या कडेला ओकून मोकळा झालो.

यशवंता खाली बसून कपाळ दाबत होता. त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"दिनूभाऊ, आता तुमचं तोंड कुणी हुंगायचं?"

म्हणजे त्याला सगळं ठाऊक होतं. मी कडेच्या दगडावर बसलो.

वाऱ्यावर थोडं बसल्यावर डोकं चालू लागलं. दिवाळीपासून मळमळ, दिवाळीपासून थंडी, थंडीपासून काचा बंद. मी बॉनेट उघडलं. इंजिन चालू ठेवून यशवंताला सायलेन्सरच्या तोंडाशी ओल्या फडक्याचा बोळा क्षणभर दाबायला लावला. मागची वाट अडली की धूर दुसरी फट शोधतो. फुस्स आवाज आला, टर्बोच्या बरोबर खालून. मॅनिफोल्डला केसाएवढी चीर होती. गाडी गार असली की बीड आक्रसतं आणि चीर मिटते, म्हणून गॅरेजात ती मला कधी दिसली नाही. घाटात बीड फुगतं, चीर उघडते. पेट्रोलच्या धुरात एक विषारी वायू असतो. तो माणसाला आधी डोकेदुखी देतो, मग झोप, आणि फार झालं तर कायमची झोप.

पण हा धूर आत कसा येत होता? चिरेपासून काजळीचा काळा पट्टा निघाला होता. इंजिन आणि ड्रायव्हरचे पाय यांच्यामध्ये जो पत्रा असतो, त्यातल्या एका भोकापाशी तो संपत होता. भोक रुपयाएवढं. त्यातून पिवळ्या फॉग लॅम्पची वायर गेलेली.

ते भोक माझं होतं. पावसाळ्यात घाटातल्या धुक्यासाठी साहेबांनी फॉग लॅम्प लावून घेतले, तेव्हा मीच ड्रिलने पाडलेलं. वायरीभोवती रबरी बुश बसवायचा असतो. त्या दिवशी मापाचा नव्हता. उद्या बसवू म्हणून राहिला तो राहिलाच.

यशवंता तोंड धुवायला नळावर गेला. तेवढ्यात मी भोकात चिंधी कोंबली. काचा उघड्या ठेवून आम्ही नाशिकला आलो आणि साहेबांना मी फक्त चिरेचं सांगितलं.

"तुम्ही त्याला सांभाळून घेताय," साहेब म्हणाले. "गाडीत मीही असतो. मला कुठे काय झालं?"

"घाटात तुम्हाला झोप लागते, साहेब."

"तो थकवा. दिवसभर मुंबईत पायपीट."

"आणि डोकं?"

"ती अ‍ॅसिडिटी. डॉक्टरच्या गोळ्या चालू आहेत."

तरी नवा मॅनिफोल्ड मागवायला ते तयार झाले. बिडाला वेल्डिंग करता येतं, पण टर्बोच्या ओझ्याखाली ते टिकत नाही. मेहुण्याने इंग्लंडहून येणाऱ्या एका ओळखीच्याबरोबर पार्ट मागवला. तो येईपर्यंत गाडी शेडमध्ये आणि यशवंता घरी. जुने नट गंजून बसले होते. दोन दिवस डिझेल पाजलं, गॅसची आच दिली, तरी नट बसतो तो एक स्टड मोडलाच. तो ड्रिल करून काढावा लागला. नवा मॅनिफोल्ड बसवण्याआधी मी तारेने टांगून त्याच्यावर स्पॅनर मारला. बायका माठ घेताना टिचकी मारून बघतात ना, तसं. नवा खणखणीत वाजला. जुन्यावर मारला तर बद्द आवाज. भोकात बुशही बसवला, कुणाला न सांगता.

तीन मंगळवार झाले. घाट चढून यशवंता ताजातवाना उतरत होता. साहेब गॅरेजात आले, माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "बघा! मी दम दिला म्हणून दारू सुटली."

माझं टाळकं सरकलं.

"आणि तुमची डोकेदुखी, साहेब? ती कुणाच्या दमाने सुटली?"

साहेबांनी खिशातून गोळ्यांची पट्टी काढली, उलटसुलट करून पाहिली. "तीन आठवड्यांत एकही घेतली नाही," ते स्वतःशीच पुटपुटले. पट्टी परत खिशात घालून ते म्हणाले, "बरं. राहू दे त्याला कामावर."

यशवंता दाराशीच उभा होता. त्याने किल्ली बॉनेटवर ठेवली.

"नको, साहेब. एकाच गाडीत एकाच धुराने आपण दोघं झोपलो. तुमची झोप थकव्याची आणि माझी दारूची. मला नाही जमायचं."

ते गेल्यावर तो माझ्याजवळ आला. कारखान्यातल्या कुणीतरी बोलल्यामुळे त्याच्या पिण्याची गोष्ट वस्तीत पोचली होती. लाजेने त्याची आई विहारात जायची बंद झाली होती.

"रविवारी विहारात या. जे झालं ते तिथं सांगा."

"मी काय सांगू?"

"भोक तुम्ही पाडलं तेव्हा उजेडाला बॅटरी मीच धरली होती, दिनूभाऊ. घोटीला चिंधी कोंबताना पण पाहिलं. साहेबांना बोललो नाही. संशय काय असतो ते मला कळत होतं, म्हटलं तुमच्यावर कशाला आणू?"

एवढा शरमिंदा मी आयुष्यात झालो नव्हतो.

रविवारी जुना मॅनिफोल्ड गोणपाटात गुंडाळून गेलो. वंदना झाल्यावर उभा राहिलो. टर्बो, सिलिंडर, वायू असं काय काय बोललो. लोक शांतपणे ऐकत होते, पण चेहऱ्यांवरून पटल्यासारखं दिसेना. गार बिडात चीर दिसत नव्हती. मग यशवंताची आई उठली. लुगड्याचा पदर खोचून तिने ते धूड एका हाताने उचललं, बोटाच्या पेराने टक-टक केलं आणि कान लावला.

"बद्द वाजतंय," ती म्हणाली. "फुटकंच हाय हे." आणि शेजारणीपुढे धरलं. "वाजवून बघ गं."

शेजारणीने वाजवलं. मग तिच्या शेजारणीने. सगळ्या खोलीतून ते हातोहात फिरलं. परत माझ्याकडे आल्यावर मी भोकाचंही सांगून टाकलं. आईने खोचलेला पदर सोडला. मग म्हणाली, "चा घेऊन जा."

बोरसे साहेबांना मी निरोप दिला होता. ते आले नाहीत. यशवंता पुढे सिन्नरच्या एका कारखान्याच्या बसवर लागला आणि तिथूनच रिटायर झाला.

तेव्हापासून मी आधी बुश बसवतो, मग वायर ओढतो. आणि ड्रायव्हर पेंगतो अशी तक्रार आली की त्याचं तोंड हुंगण्याआधी बॉनेट उघडतो.