मधेच बाहेर येणारा डोअरकीपर

आमच्या थिएटरच्या तिकीटखिडकीत मी बसते आणि दारावर आमचे हे उभे असतात. आमचा बहुतेक संसार या दोन जागांच्या मधेच झाला. सकाळी घरी वाजलं असेल तर मी दिवसभर खिडकीतून यांच्याकडे बघत नाही, आणि हे मुद्दाम माझ्या समोर येऊन तिकिटं फाडतात. लोकांना वाटतं, काय मन लावून काम करतो माणूस.

यांना सगळे मामा म्हणतात. अंगाने धिप्पाड, मिशा भरघोस, आवाज असा की शेवटच्या रांगेत फोनवर बोलणारा आपणहून फोन बंद करतो. एकदा दारू पिऊन धिंगाणा घालणाऱ्या दोघांना यांनी बखोटीला धरून बाहेर आणून ठेवलं होतं. पण यांचं खरं नाव आहे ते मुलांच्या बाबतीत. आईबाप तिकीट काढायच्या आधी दाराशी जाऊन विचारतात, "मामा, पोराला आणलं तर चालेल ना?" मग हे मिशीवरून हात फिरवतात, मुलाला वरून खाली न्याहाळतात आणि निकाल देतात. "न्या बिनधास्त." नाहीतर "नको, झोपेत दचकेल." आणि बहुतेक वेळा, "न्या. सिनेमात एक जागा जरा वाईट आहे, तेवढ्यापुरतं मी बाहेर बोलावतो."

खरंच बोलावतात. ती जागा जवळ आली की टॉर्च घेऊन आत जातात, "चला रे, जरा मदत करा मला," म्हणून छोट्यांना उठवतात आणि बाहेरच्या बाकड्यावर आणून बसवतात. एकाला टॉर्च धरायला देतात आणि भिंतीवर हाताच्या सावल्यांचे ससे, कुत्रे करून दाखवतात. आतला आवाज निवळला की सगळ्यांना परत जागेवर. आईबाप यांना दुवा देतात. मी मात्र खिडकीत गालातल्या गालात हसते. कारण मला माहीत आहे की ती वाईट जागा यांनी स्वतःही पाहिलेली नसते.

नवा सिनेमा लागला की पहिल्या शोला हे आत उभे राहतात. संगीत जड व्हायला लागलं की दार ढकलून बाहेर. "पाणी दे जरा." मी पेला भरूनच ठेवलेला असतो. पाणी पिऊन होतं, तरी हे तिथेच उभे. आत हसायचे आवाज आले की मग जातात. एवढा राक्षसासारखा माणूस, पण पडद्यावर कुत्र्याचं पिल्लू आजारी पडलं तरी हे दाराबाहेर. मी कुणाला कधी सांगितलं नाही. घरातली गोष्ट घरात. आणि मला ते आवडतंही, खोटं कशाला बोलू?

गेल्या हंगामात मालकांनी समुद्र वाचवण्यावरचा एक माहितीपट लावला. निळं पाणी, कासवं, आणि देवमासे असे की आमचा पडदा पुरेना. तिकिटं संपली की मी मागच्या रांगेत जाऊन बसते, म्हणून मी सगळा पाहिला. मध्यावर देवमाशाचं एक पिल्लू टाकून दिलेल्या जाळ्यात अडकून मरतं. हे अर्थात तेव्हा बाकड्यावर ससे करत होते. शो सुटल्यावर एका पोराने यांना विचारलं, "मामा, ती माणसं एवढी जाळी का कापत होती?"

"जुनी झाली असतील," हे म्हणाले. मी खिडकीत कपाळावर हात मारून घेतला.

पुढच्याच आठवड्यात शाळेच्या बाई आल्या. आमची नात त्यांच्याच वर्गात. तिला आम्ही भिंगरी म्हणतो, कारण एका जागी ठरेल तर शपथ. पण पोस्टर लागल्यापासून ही मुलगी तासन्‌तास बसून देवमासे काढत होती. आमच्या जिन्याखालची भिंत देवमाशांनी भरली होती. बाईंना अख्खा वर्ग आणायचा होता, पण काही पालकांनी कुरकुर सुरू केली होती. त्यात मेलेलं पिल्लू दाखवतात म्हणे, मुलं घाबरतील.

"मामा, तुम्ही सांगाल ते पालक ऐकतील," बाई म्हणाल्या. "तुम्ही हो म्हणालात तर आणते. नाहीतर सरळ बागेत नेते."

यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. नाही म्हणावं तर भिंगरीचा जीव तुटणार, आणि तोही आजोबांमुळे. हो म्हणावं आणि पोरं भेदरली तर पुन्हा मामांवर विश्वास कोण ठेवणार? यांनी बराच वेळ मिशी चाचपली. मग नेहमीचा निकाल दिला. "आणा. त्या जागेला मी सगळ्यांना बाहेर काढतो."

घरी कपड्यांच्या घड्या घालताना मी विषय काढला. "अहो, ज्याबद्दल शब्द दिलात ते तुम्ही पाहिलंय का?"

"मला आवाजावरून कळतं."

"आवाजावरून नळाला पाणी आल्याचं कळतं. पिल्लू मेल्यावर पुढे काय होतं ते कसं कळणार?"

चादरीचं दुसरं टोक धरत हे बारीक आवाजात म्हणाले, "तू सांग ना, काय होतं पुढे."

"मी नाही सांगणार. जाऊन बघा." जरा रागानेच म्हणाले मी. इतकी वर्षं पाणी दिलं, आता हेही मीच करायचं म्हणजे फार झालं.

ठरल्या दिवशी वर्ग आला. ती जागा जवळ आली तसे हे टॉर्च घेऊन आत गेले आणि पोरं रांगेने बाहेर आली. बाकडं भरलं, उरलेली जमिनीवर बसली. भिंगरी काही दिसेना. हे पुन्हा आत गेले. मी खिडकी बंद करून दाराच्या फटीशी उभी राहिले.

भिंगरी कडेच्या खुर्चीत पाय वर घेऊन बसली होती. बाई पार पलीकडच्या टोकाला.

"चल बाळा, बाहेर चल. वाईट आहे हे," पडद्याकडे पाठ करून हे म्हणाले.

"मला माहितेय. तिचं बाळ मेलंय. ती त्याला डोक्यावर घेऊन पोहतेय."

"बघवतंय का तुला?"

"नाही. रडू येतंय."

"मग ऊठ ना."

"आजोबा, ती एकटी आहे. आपण सगळेच उठून गेलो तर कसं?" तिने शेजारच्या खुर्चीवरचं दप्तर उचललं. "तुम्ही बसा इथे."

हे बसले. खुर्ची कुरकुरली. टॉर्च हातात तशीच चालू होती, ती भिंगरीने काढून घेतली आणि बंद केली.

इकडे अख्खा वर्ग माझ्या गळ्यात. मला कुठे ससे येतात? दोन पोरं माझ्या काखेतून आत डोकावली. "मामा रडतायत," एकाने बातमी दिली. मग काय, सगळीच आत घुसली आणि आपापल्या जागी जाऊन बसली. मी अडवलं नाही.

पडद्यावर त्या आईच्या दोन्ही बाजूंना बाकीचे देवमासे आले होते. काही करत नव्हते, नुसते तिच्या चालीने पोहत होते. यांनी डोळे पुसले नाहीत, मिशा ओल्या झाल्या तरी. मग माणसं आली, होडीतून पाण्यात उतरली, आणि दुसऱ्या एका पिल्लाभोवतीचं जाळं कापायला लागली.

"अच्छा, म्हणून कापतायत होय," हे म्हणाले. यांच्या आवाजात. सगळ्या थिएटरने ऐकलं. पोरं हसली, भिंगरीसुद्धा, रडता रडता.

शो सुटल्यावर बाईंनी विचारलं, "मामा, तुम्ही आधी पाहिला नव्हता?"

मला वाटलं, आता हे काहीतरी थाप मारणार. "नाही बाई," हे म्हणाले. "इतकी वर्षं घाबरून बाहेर पळत होतो." बाई हसतील म्हणून मी पुढे सरसावले, पण त्या हसल्या नाहीत. त्यांनी पुढच्या वर्गाचीही तारीख घेतली.

रविवारी एक आई लहानग्याला कडेवर घेऊन दाराशी आली. "मामा, चालेल ना? मधे बोलवाल ना बाहेर?"

यांनी मिशीवरून हात फिरवला. "न्या. पण मी बोलावणार नाही. जवळ घेऊन बसा. रडला तर रडू द्या, मधे उठू मात्र नका. पुढे माणसं येतात."

आणि तिच्या मागोमाग आत गेले. मी सवयीने भरून ठेवलेला पेला मध्यंतरापर्यंत तसाच होता. शेवटी मीच प्यायले.