चकतीवरचं हळदीकुंकू

आमचे मास्तर, म्हणजे माझे मालक, झरीच्या शाळेत चित्रकला शिकवून रिटायर झाले आणि दुसऱ्याच महिन्यात त्यांना पिक्चरच्या पेट्यांचं वेड लागलं. पेटी म्हणजे साधी नव्हे. जाड पुठ्ठा, आत सीडीसारखी पिक्चरची चकती, सोबत रंगीत पुस्तिका, शूटिंगचे फोटो, घडी घातलेलं पोस्टर. कपाटाचा अख्खा वरचा कप्पा त्यांनी भरला. माझ्या साड्या खाली गेल्या, ते मी अजून विसरले नाही.

"मोबाइलवर फुकट दिसायलंय की हो सगळं," मी म्हणायची.

"आज दिसतंय. उद्या काढून टाकलं तर कुणाला विचारणार? परवा अर्धा पिक्चर बघून ठेवला होता, उरलेला बघायला गेलो तर गायब. आणि दिसतो तोही कापलेला, चेपलेला, सगळ्यांची तोंडं रुंद. ह्या चकतीत कसं, ज्यानं काढला त्याच्या मनातला पिक्चर जसाच्या तसा असतो."

"मग त्या तीन पेट्यांचं प्लास्टिक का काढलं नाही अजून?"

"तुझा लग्नातला शालू तू किती वेळा नेसलीस?"

यावर मी भाजी बघायला आत गेले. भाजी केव्हाच झाली होती.

आता एका पिक्चरचं सांगते. नाव सांगत नाही, नाहीतर तुम्ही वाचायचं सोडून तो शोधत बसाल. लग्नाला वर्ष व्हायचं होतं तेव्हा मी आणि माझी थोरली जाऊ, जिला मी आक्का म्हणते, दोघी संक्रांतीचं वाण आणतो सांगून एसटीनं जिंतूरला गेलो आणि टॉकीजमध्ये जाऊन बसलो. पिक्चर नवाकोरा, पहिलाच आठवडा. शेवटाला नायिका सासर सोडून निघते. उंबऱ्यापर्यंत जाते आणि माघारी वळते. आम्हाला वाटलं, राहिली आता. तर ती चुलीवर उतू चाललेलं दूध खाली उतरवते, पदराला हात पुसते, सासूला दोन वाक्यं ऐकवते आणि चालू लागते. आम्ही तशाच तंद्रीत बाहेर पडलो. वाणाला घाईत नुसते कंगवे मिळाले, त्याबद्दल सासूबाईंनी जे ऐकवलं ते वेगळंच.

पुढं हा पिक्चर टीव्हीवर कितीदा लागला, पण तो शीन नाही. नायिका उंबऱ्यावरून सरळ निघून जाते. मी म्हणायची, अरे इथं ती वळती, दूध उतरवती! सगळे म्हणायचे, तू स्वप्नात बघितलं असशील. आणि ज्या बाईनं माझ्या मांडीला मांडी लावून शेंगा खात तो शीन बघितला, ती आक्का ठामपणे सांगायची, "न्हाई बाई, असलं काही नव्हतं त्यात." चाळीस वर्षं! घरात कुणी थाप मारली की नातवंडंसुद्धा म्हणतात, "हा आजीचा शीन दिसतोय." हसायची मीही, पण आतून लागायचंच. आपल्या डोळ्यांनी बघितलेलं आपल्यालाच खोटं वाटायला लागावं, ही काय गंमत आहे?

यंदा दसऱ्याच्या तोंडावर मास्तर एक पार्सल घेऊन आले. तोच पिक्चर! कुणाकडं जुनी रिळं सापडली, हौशी मंडळींनी एकेक चित्र साफ केलं आणि मोजक्याच पेट्या काढल्या. वर छापलं होतं, पहिल्या आठवड्यानंतर कापलेला भाग परत जोडला आहे. कुठला भाग, ते मास्तरांनी मला वाचू दिलं नाही.

"वहिनी आल्याशिवाय लावायचा नाही," ते म्हणाले. "साक्षीदार समोर पाहिजे." आक्का जिंतूरला लेकाकडं असते, खंडेनवमीला दुपारी यायची होती.

खंडेनवमीला आम्ही घरातली सगळी हत्यारं पुजतो. विळी, खुरपं, कात्री, शिलाई मशीन, मोटारसायकल, सगळं. म्हणलं, मास्तरांचं हत्यार आता हेच. चकती काढून पाटावर ठेवली. एका बाजूला छापलेलं, दुसरी बाजू आरशासारखी. देवाचं तोंड लखलखीतच असतं, म्हणून ती बाजू वर केली, ओल्या बोटानं हळदीकुंकू लावलं, अक्षता वाहिल्या आणि हात जोडले, "माझं खरं कर गं बाई."

मास्तर आले, पाटाकडं बघितलं आणि खुर्चीत बसले. जन्मभर पोरांना खडू फेकून मारणारा माणूस, पण हळूच म्हणाला,

"अगं, त्याच बाजूला पिक्चर असतो."

"मग दुसरी मागवू की."

"संपल्या."

जेवण काही मला गेलं नाही. एवढी वर्षं वाट बघितली आणि माझ्या हातानंच माझा पुरावा माखला. तेवढ्यात आक्का आली. सगळं ऐकून पिशवी खाली ठेवायच्या आधीच हसायला लागली, "पिक्चरची सवाष्ण करून बसवलीस की!"

मास्तरांनी चष्म्याचं फडकं ओलं करून चकती पुसली, मधून कडेकडं, सरळ. मी ताट घासल्यासारखं गोल घासायला गेले तर माझा हात बाजूला केला. कुंकू गेलं. हळदीचा डाग काही जाईना. यंत्रात घातली, यंत्र कण्हलं, बंद पडलं. दुसऱ्यांदा तसंच. तिसऱ्यांदा पडद्यावर उजेड आला.

आणि काय उजेड! नायिकेचं लुगडं हिरवंगार होतं, हो. टीव्हीवर कायम राखाडी दिसायचं, मीही तेच धरून चालले होते. तिच्या कपाळावरचा घामसुद्धा दिसायला लागला. मास्तर ह्या पेट्यांमागं का लागतात, ते मला त्या हिरव्या रंगानं सांगितलं. दोनदा चित्र अडकलं.

शेवट आला. उंबरा आला. ती थांबली. आणि वळली!

"बघा!" मी एवढ्यानं ओरडले की अंगणातला कुत्रा भुंकायला लागला. "वळली का न्हाई? बघा दूध!"

दूध वर आलं, तिनं उतरवलं, पदराला हात पुसला. पण आवाजच नाही. मला वाटलं, गेला हळदीत. मास्तरांनी घाईनं पुस्तिका उघडली. तिच्यात लिहिलेलं, ह्या प्रसंगाचं फक्त चित्र सापडलं, आवाज मिळाला नाही. नायिकेचे नुसते ओठ हलत होते.

आणि माझ्या शेजारून, त्या ओठांबरोबर, हळू आवाजात आलं, "दूध उतरवून ठेवलंय, सासूबाई. साय तुमच्या लेकाला द्या."

आक्का! मी गर्रकन वळले. मास्तरही.

"आक्का, तुमाला तोंडपाठ हाय? मग चाळीस वर्षं न्हाई न्हाई का म्हणत होताव?"

आक्कानं पदर सावरला. "हो म्हणले असते तर तू गप बसली असतीस. न्हाई म्हणलं की तू उंबऱ्यापासून परत सगळं सांगायचीस, हातवारे करून. लय बरं वाटायचं मला." मग पिशवीतल्या शेंगा पदरात घेत, "सासूबाई होत्या तवा तर लयच."

"वहिनी, धन्य आहात," मास्तर म्हणाले.

"कशाचं धन्य, भावजी? आता कशाच्या जिवावर न्हाई म्हणू?" तिचा चेहरा खरंच उतरला होता.

मी मास्तरांना म्हणलं, "मागं घ्या हो जरा." त्यांनी उंबऱ्यापासून परत लावलं. पडद्यावरची बाई मुकाट्यानं वळली, आणि मी उभी राहून, हातवारे करून, तिची दोन्ही वाक्यं म्हणून दाखवली.

आक्का शेंगा सोलत होती. मान न उचलता म्हणाली, "न्हाई बाई, असं कुठं म्हणली ती?"