काही दुखत नसताना
चिरलेल्या कांद्यावर व्हिनेगर ओतलं, की त्या आंबूस वासासरशी मला आमच्या जोहे गावातली ती दुपार आठवते. गर्भाशयाच्या तोंडाची माझी तपासणी आधीच पेणला झाली होती, तीही दुसऱ्याच दुखण्यासाठी दवाखान्यात गेले म्हणून. सासूबाई दवाखान्याची पायरीच चढत नसत, मग त्यांना कोण विचारणार? पण त्या वर्षी गणपतीच्या मूर्ती विक्रीला रवाना झाल्यावर नर्सबाई घरोघर फिरून तिशीपुढच्या प्रत्येक बाईला बोलावू लागल्या. सासूबाई आमच्या कारखान्यात मूर्तींचे साचे पुसत होत्या. "माला काय झालंय गो? काय दुखत नाय, खुपत नाय." "दुखायच्या आधीच बघायचं असतं, मावशी," नर्सबाई म्हणाल्या, आणि नकार ऐकूनही पुढच्या आठवड्यात परत आल्या. शेवटी एका दुपारी आळीतल्या बायका गावच्या उपकेंद्रात तपासणीला निघाल्या, तेव्हा सासूबाईही ठेवणीतलं लुगडं नेसून निघाल्या. तिथे नर्सबाईंनी गर्भाशयाच्या तोंडाला कापसाने पातळ व्हिनेगर लावल्यावर एक पांढरा डाग दिसला. मग मी त्यांना पेणला नेलं; तिथल्या डॉक्टरांनी नीट तपासून सांगितलं, "हा कॅन्सर नाही, पण असाच राहिला तर पुढे होऊ शकतो." त्यांनी तो तिथेच गोठवून नाहीसा केला आणि आम्ही एसटीने घरी आलो. दुसऱ्याच दिवशी सासूबाई तपासणी टाळणाऱ्या शेजारणीच्या दारात उभ्या! "माझं तरी कुठं दुखत व्हतं? ऊठ गो, मी येते संगती." आता घरात नातसून आली आहे. तिला तिशी कधी लागते याची त्या वाट बघतात, आणि मला त्या अजून पुष्कळ वर्षं हव्या आहेत.