किडकी वांगी घेणारा साळा

माझ्या साळ्याने मला फसवले. माझी एकुलती एक मुलगी त्याने माझ्या दुकानातून उचलून विद्यापीठात नेली, आणि तेही माझ्याच संमतीने. तुमसरच्या बाजारात मला कुणी भावात गंडवले असेल तर त्याने समोर यावे. आजवर कुणी आलेला नाही. आणि अख्ख्या भंडारा जिल्ह्यात ज्याच्याइतका सौदा न कळणारा माणूस जन्मला नाही, त्याने मला नागवले.

हा माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. गाव एकोडी, नोकरी नागपूरला विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत, आणि काम म्हणजे धानावरची गादमाशी पाळणे. ही माशी लागली की धानाचा पोंगा, म्हणजे मधला कोंब, कांद्याच्या पातीसारखा पोकळ होतो, लोंबी धरत नाही. लोक तिला मारायच्या मागे असतात. हा तिला वाढवतो. दिवाळीला मी हौसेने दिलेली मच्छरदाणी त्याने धानाच्या कुंड्यांवर लावली, माशा उडून जाऊ नयेत म्हणून, आणि स्वतः डासांना रक्त देत उघड्यावर झोपला. सुट्टीत आमच्याकडे आला की पिशवी घेऊन बाजारात जाई आणि टोपलीतली किडकी वांगी निवडून घेई. भाजीवाली त्याच्यासाठी आठवडाभर तसला माल बाजूला ठेवू लागली. हा पूर्ण भाव देऊन वर तिचे आभार मानी. एकदा मी सोबत होतो. चारचौघांत माझी मान खाली गेली. मी म्हटले, अरे, निदान भाव तरी पाड. तर शांतपणे म्हणतो, "भाऊजी, चांगलं वांगं नेऊन का करू? त्याच्यात कोनी राहत नाही."

अशा माणसापासून मला काय धोका, असेच मी समजत होतो.

मी स्वतः शाळेत फार टिकलो नाही. दुसऱ्याच्या दुकानात इंजिने पुसत पुसत आपले दुकान उभे केले. ऑइल इंजिन असो की धान भरडायचे हलर, बिघाड कुठे आहे हे मी आवाजावरून सांगतो. मुलगी लहानपणापासून माझ्यासोबत दुकानात. लेथपर्यंत हात पोचेना म्हणून मी तिच्यासाठी लाकडी पाट ठोकला, त्यावर ती उभी राही. लोक म्हणत, पोरीचे हात काळे करता, सोयरीक कोण करेल? एकाच्या अंगावर तर मी पाना घेऊन धावलो होतो. मला तिला पॉलिटेक्निकात घालायचे होते. तिथे पहिल्याच दिवशी हातात कानस देतात. विद्यापीठात बसायला बाक देतात. डिप्लोमा झाला की दुकानाच्या पाटीवर माझ्या नावाखाली तिचे नाव, हे मी मनात रंगवूनही टाकले होते.

ती बारावी झाली त्या उन्हाळ्यात साळेबुवा म्हणाले, सुट्टीभर पोरीला नागपूरला पाठवा, प्रयोगशाळा पाहील. मी सवयीने घासाघीस सुरू केली आणि एका आठवड्यावर आणून सोडले. तो लगेच हो म्हणाला. समोरचा एका झटक्यात हो म्हणाला की माल उलटून पाहावा, हे मी दुकानातल्या माणसांना रोज शिकवतो. त्या दिवशी मात्र मी जिंकल्याच्या आनंदात चहा मागवला.

आठवड्याने ती परत आली तेव्हा तिच्या हातांना ग्रीसचा नव्हे, बांधीतल्या, म्हणजे धानाच्या शेतातल्या, चिखलाचा वास येत होता. म्हणाली, मी विद्यापीठात जाते. मी पहिली एसटी पकडून नागपूर गाठले. साळेबुवा भिंगाखाली पोंगा चिरत बसले होते. मी विचारले, इथे शिकून पोरीच्या हाती काय लागणार? मान वर न करता म्हणाला, "मले का मालूम, भाऊजी? जलमभर पाह्यलं तरी काही निंघत नाही, असंही होते. मी त तिले पॉलिटेक्निकच सांगितलं होतं."

आपल्या मालाला अशी नावे ठेवणारा विक्रेता मी जन्मात पाहिला नव्हता. मी महिनोन् महिने पॉलिटेक्निकची तारीफ करत होतो, आणि याने आपल्या मालाची निंदा करून गिऱ्हाईक नेले. घरी येऊन मी ओरडलो, भांडी आपटली. मुलगी मग म्हणाली, "बाबुजी, पुर्जा बदलवाच्या आंधी तो काहून तुटला ते पाहा, हे तुमीच सांगता ना? मामाजी धानाचं तेच पाहून राहिले."

बायको आतून म्हणाली, "घ्या, तुमचाच पाना तुमच्या पायावर पडला."

गेली ती. आता सुट्टीत आली तरी दुकानात थोडा वेळ, मग मामाजी. एकोडीच्या बांधीत दोघे उकिडवे बसतात, डोक्याला डोके लावून, आणि मी बांधावर छत्री धरून उभा. मला कुणी बोलवत नाही. एकदा मी मुद्दाम खोकलो. दोघांनी एकदम हात वर केला, हलू नका म्हणून. हात वर करायची लकब तिने त्याचीच उचललेली. मागच्या खेपेला साळेबुवा मोठ्या कौतुकाने सांगत होते की पोरीने माशांच्या पिंजऱ्याला लोखंडी दार बसवले, ते उघडताना एक माशी सुटत नाही, विद्यापीठात कुणाला जमले नसते. मी विचारले, बिजागरी कुणी शिकवली तिला? तो इतका हसला की मला त्याचा रागही धड करता आला नाही.

पण दुकानातला तो लाकडी पाट अजून लेथसमोरच आहे. दुकानातली माणसे त्याला अडखळतात, उचलू का विचारतात, मी खेकसतो. त्याचा जाब मला हवा आहे. साळेबुवांनी नागपूरहून यावे, किडक्या वांग्यांची पिशवी बाहेर ठेवावी, त्या पाटावर उभे राहावे आणि माझ्या तोंडावर सांगावे की यावर आता कोण उभे राहणार. एकट्याने येऊ नये. पोरीला सोबत आणावे.