साहेबांचं आवार

तमाम वाचकांना अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं, की पृथ्वीच्या पाठीवर हातानं सरळ रेघ मारू शकणारा शेवटचा माणूस सध्या लातुरात राहतो आणि तो माझा थोरला साडू आहे. बायको त्यांना दाजी म्हणते, म्हणून मीही दाजीच म्हणतो. चौतीस वर्षं त्यांनी कालव्यांवर काढली. विष्णुपुरीला नोकरीची सुरुवात झाली आणि निलंग्याच्या बाजूला शेवट. निरोपसमारंभात पाटबंधारे खात्यानं शाल-श्रीफळ दिलं, पण खिशातला टेप काढून घ्यायला विसरलं. तेव्हापासून घरात मोजल्याशिवाय काही होत नाही. ‘अंदाजे’ हा शब्द त्यांना शिवीसारखा लागतो. वेळ विचारली तर ‘सात वाजून तेरा’ असं सांगतात, आणि चौदा होईपर्यंत थांबून दुरुस्तही करतात. माझ्या लग्नात अंतरपाट डावीकडे दीड इंच उतरलाय म्हणून चालू मंगलाष्टकं थांबवणारे हेच गृहस्थ. पळून जायची तेवढी एकच संधी मला नियतीनं दिली होती, आणि मी ती दाजींचं मोजमाप बघण्यात घालवली.

ह्या सज्जन माणसाला आयुष्यात शत्रू एकच, तो म्हणजे गवत. कालव्यात गवत माजलं की पाणी अडतं आणि शेवटच्या टोकाचा शेतकरी कोरडा राहतो. त्यामुळे हरळीची काडी दिसली की दाजींचा हात आपोआप खाली जातो. लग्नाच्या मांडवात, दवाखान्याच्या आवारात, एवढंच काय, माहूरच्या पायऱ्यांवरसुद्धा मी त्यांना गवत उपटताना पाहिलंय. माझी मेहुणी, म्हणजे आमच्या ताई, तेव्हा कपाळाला हात लावून म्हणाल्या होत्या, “लोक देवीची ओटी भरतेत, आन् आमचं माणूस खुरपणी करतंय!”

तर अशा घरात गेल्या दिवाळीनंतर कासव आलं. दाजींची एकुलती एक लेक दोन वर्षांसाठी जर्मनीला निघाली. तिनं आपल्या गच्चीत पाळलेलं हे कासव परदेशी जातीचं, रीतसर नोंदणीचे कागद असलेलं. जाण्याच्या महिनाभर आधीच तिनं फोनवर सांगितलं, “पप्पा, त्याला अंगणात उन्हाची, मोकळी जागा करा. नाहीच रुळला तर पुण्याची माझी मैत्रीण घेऊन जाईल.”

पहिलं वाक्य दाजींनी वहीत लिहून घेतलं. दुसरं त्यांच्या काळजात जाऊन बसलं. लेक जाणार होतीच. मागे राहणारं तिचं एवढं एक जितं-जागतं, तेही पुण्याला जाणार?

मग जे बांधकाम सुरू झालं, तसं लातुरात माणसांसाठीही होत नाही. आधी रीतसर नकाशा निघाला. अंगणातली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून ती दीड फूट उकरून मुरूम भरला. कासव उकरून पळतं असं कळल्यावर कुंपणाचा पाया फूटभर खाली नेला. त्यावर पहिल्यांदा जाळी लावली, साहेबांना रस्त्यावरची वर्दळ दिसावी म्हणून. (‘साहेब’ हे नाव दाजींनीच ठेवलं. “चौतीस वर्षं हीच चाल बघितली की हो मी!” असं त्यांचं म्हणणं.) लेकीनं आणून सोडल्यावर साहेब दिवसभर त्या जाळीवर डोकं आपटत राहिले. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, “पलीकडचं दिसलं की त्याला पलीकडंच जायचं असतं.” दाजींनी दुसऱ्याच दिवशी जाळी काढून विटांची भिंत घेतली. अर्धं ऊन, अर्धी सावली, निवाऱ्याला आडवा रांजण, प्यायला उथळ परळ, आणि सगळ्या आवाराला ओल राहावी म्हणून चार बोटं रुंदीचा कालवा, लेव्हल लावून उतार दिलेला! शेजाऱ्यांनी कंपाउंडच्या भिंतीवरून विचारलं, “वरचा मजला भाड्यानं देणार का हो?” दाजी गंभीरपणे म्हणाले, “पाया तेवढा नाही घेतला.”

लेक गेली आणि साहेबांनी अन्नत्याग केला.

काकडी झाली, भोपळा झाला, कोबी झाला. सगळ्या फोडी एका मापाच्या, स्टीलच्या ताटलीत. साहेब मान आत घेऊन बसून. डॉक्टरांनी तपासलं, तब्येत ठणठणीत होती, जागा नवी आहे, वाट बघा म्हणाले. रोज सकाळी जर्मनीहून फोन यायचा, “खातोय ना, पप्पा?” आणि मिनिटाचीही चूक खपवून न घेणारा हा माणूस सांगायचा, “हाव बाळा, खायलंय की.” फोन ठेवल्यावर त्यांचे कान लाल झालेले असत. तिच्या गच्चीत ते नक्की काय खायचं, हे तिलाच विचारायला हवं होतं. पण विचारलं असतं तर सगळंच उघडं पडलं असतं.

मी नांदेडहून चार दिवस त्यांच्याकडे गेलो, तोच निलंग्याला त्यांच्या भाचीचं लग्न. मामा-मामींना जाणं भागच होतं. निघताना दाजींनी मला लेखी सूचना दिल्या. पाणी कधी सोडायचं, परळ कधी धुवायचं. आणि खाली दोन रेघा मारून: ‘सकाळ-संध्याकाळ गवत काढणे. मुळासकट.’

मी स्वभावानं आळशी माणूस. पाणी सोडलं, परळ धुतलं. साहेब काही रांजणाबाहेर आले नाहीत. गवताशी माझं वैर नाही, म्हणून खुर्ची टाकून पेपर वाचला.

चौथ्या दिवशी सकाळी दोघं एसटीनं परतले. दाजींच्या केसांत अजून अक्षता होत्या. त्यांनी भिंतीवरून आत पाहिलं. कालव्याच्या दोन्ही काठांना हरळीनं डोकं वर काढलं होतं आणि मातीत राहून गेलेल्या मुळांतून घोळीची रानभाजी फुटून मुरमावर मस्त पसरली होती.

“साडू! हे आवार हाय का गायरान?”

पिशवी तिथंच टाकून ते भिंत ओलांडून आत उतरले, उकिडवे बसले आणि घोळीच्या बुडाला त्यांनी हात घातला. तेवढ्यात ताईंच्या हातातला फोन वाजला. रोजचाच फोन. ताईंनी तो उचलून भिंतीवरून आत धरला.

तेव्हाच रांजणातून साहेब निघाले. खात्याच्या चालीनं आले, दाजींच्या हातापाशी थांबले, मान लांब केली आणि त्यांच्या बोटांमधलंच घोळीचं एक पान कचकन तोडलं. मग दुसरं.

दाजींचा हात तसाच राहिला. मग आयुष्यात पहिल्यांदाच त्या बोटांनी गवत सोडून दिलं. नुसतं सोडलं नाही, तर एक फांदी हळूच साहेबांच्या तोंडाकडे वळवून धरली. मी पेपर खाली ठेवला.

“पप्पा, काय झालं? दिसत नाही मला. बरा आहे ना तो?”

दाजींनी वर पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं आणि रोजचं उत्तर कुठल्या कुठे गेलं होतं. अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ते ओरडले,

“खाल्लं गं, बाळा! चौदा दिवसांनी खाल्लं!”