झाकण लावण्याआधी

आमचा मामा नास्तिक. लपूनछपून नव्हे, चारचौघांत छाती ठोकून. कारखान्यातला बॉयलर त्याच्याकडे, आणि मी त्याची भाची, तिथेच फिटर. बॉयलरची साफसफाई झाली की मामा सगळ्या माणसांना बाहेर उभं करायचा, एकेकाचा चेहरा बघायचा, आणि तरीही आत तोंड घालून ओरडायचा, "आत कोणी आहे का?" मग कान लावून थांबायचा. त्यानंतरच झाकण. लोक हसायचे. हसणाऱ्यांना मी फाडून खायचे, कारण मामाचा एकुलता एक मुलगा, आमचा दादा, त्याच बॉयलरमध्ये गेला होता. दुसऱ्या पाळीच्या शहाण्यांनी न विचारताच झाकण लावलं होतं.

घरी मामी रोज विचारायची, "आज काही ऐकू आलं?"

"मेलेलं माणूस बोलत नाही," मामा म्हणायचा. "नाही म्हणजे नाही."

"मामी, तूही नास्तिकच ना गं?" मी एकदा विचारलं.

मामाच उसळला. "छे! देव, आत्मा, असलं काही आहे यावर माझा विश्वास नाही. ही म्हणते, आहे की नाही हे माणसाला कळूच शकत नाही. ही अज्ञेयवादी. माझी गोष्ट विश्वासाची, हिची माहितीची."

"दोन्ही एकाच माणसात नसतात?"

"असतात की! विश्वास नाही आणि खात्रीही नाही, असे पुष्कळ सापडतील. मला मात्र खात्री आहे."

"नशीब तुमचं," मामी म्हणाली.

त्या दिवशी भरदुपारी माणसं बाहेर आली. चेहरे बघून झाले. मामा आत ओरडला.

"आहे," आतून आवाज आला.

घुमलेला आवाज नव्हता हो तो! दादाला झोपेतून हाक मारली की तो अगदी असाच ओ द्यायचा. मामा टॉर्च घेऊन आत सरपटला. बराच वेळ नुसता कपडे घासल्याचा आवाज येत राहिला. बाहेर आला तेव्हा काजळीनं माखलेला होता. "कोणी नाही," तो म्हणाला आणि झाकणाचा एकेक नट त्यानं स्वतःच्या हातानं आवळला.

संध्याकाळी मामीनं नेहमीसारखं विचारलं, "आज काही ऐकू आलं?"

मामा पाण्याचा पेला नुसता धरून बसला होता. बाबा रे, नाही म्हणून टाक एकदाचं, मी मनात म्हटलं.

"माहीत नाही," तो म्हणाला.

मामीच्या हातातलं काम थांबलं. इतकी वर्षं हे शब्द तिचे होते.

"माहीत नाही?" ती म्हणाली. "मग झाकण लावलंत कसं?"